कुंडीतील नाताळचे रोप आणि इंधनाचा हिशेब

युरोप-अमेरिकेत नाताळच्या दिवसांत पॉइन्सेटिया या लाल पानांच्या रोपाला मोठी मागणी असते. हे झाड मूळचे मेक्सिकोचे. अमेरिकेचे तेथील प्रतिनिधी जोएल पॉइन्सेट यांनी १८२०च्या दशकात ते आपल्या देशात नेले व त्यांचेच नाव त्याला मिळाले. आपल्याकडे ते अंगणात उघड्यावर वाढते. हॉलंड, जर्मनी किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात मात्र ते काचेच्या हरितगृहात, बॉयलरच्या उबेवर वाढवावे लागते. २०२२ साली युक्रेन युद्धानंतर युरोपात गॅसचे भाव भडकले, तेव्हा हॉलंडच्या अनेक बागायतदारांना हरितगृहांचे तापमान उतरवावे लागले, काहींनी ती रिकामी ठेवली. इंधनाच्या बिलात नफा कसा वाहून जातो, हे त्यांनी चांगलेच अनुभवले.

या धंद्याची खरी अडचण तारखेची आहे. २५ डिसेंबरनंतर या मालाला गिऱ्हाईक नसते. म्हणून नुसती भट्टी मंद करून भागत नाही. थंडीत रोप सावकाश वाढते, माल उशिरा तयार होतो आणि वाचवलेले इंधन वाढलेल्या दिवसांत जळून जाते. समजा, बाहेर ० अंश आहे. आत २० अंश ठेवून आठ आठवड्यांत माल तयार होतो आणि १६ अंशांवर त्याला दहा आठवडे लागतात. उष्णतेचा खर्च आतल्या-बाहेरच्या तापमानातील फरकावर अवलंबून असतो. वीस गुणिले आठ म्हणजे १६० आणि सोळा गुणिले दहा म्हणजेही १६०. बचत शून्य!

मग जाणकार बागायतदार काय करतात? ते लवकर रंगणारी जात निवडतात. सप्टेंबरअखेर रात्री मोठ्या होऊ लागल्या की हे रोप कळीवर येते. त्यानंतर काही जाती आठ आठवड्यांत तयार होतात, काहींना दहा लागतात. दहा आठवड्यांची जात सतत २० अंशांवर ठेवली तर वरच्या हिशेबाने खर्च २०० येतो. आठ आठवड्यांची जात पाच आठवडे उबेत ठेवून, रंग दिसू लागल्यावर १६ अंशांवर आणली आणि उरलेल्या तीन आठवड्यांच्या कामाला पाच आठवडे लागले, तरी खर्च १८० येतो. विक्रीची तारीख तीच, इंधन मात्र दहा टक्के कमी. शिवाय थंडाव्यात रंग अधिक गडद होतो. मात्र सुरुवातीलाच थंडी दिली तर रोप खुरटते आणि १० अंशांखाली त्याला इजा होते.

दुसरा मार्ग गळती रोखण्याचा. बहुतेक उष्णता रात्री छतातून निघून जाते. म्हणून सूर्यास्तानंतर आतून पडदा ओढतात. एकेरी काचेऐवजी हवा भरलेले दुहेरी प्लास्टिक वापरले तर सुमारे एक-तृतीयांश इंधन वाचते. दाराच्या फटी बुजवणे व बॉयलर वेळेवर साफ करणे ही तर अगदी स्वस्तातली कामे. पण घर फार बंद केले की आत दमटपणा साचून करडी बुरशी पानांवर चढते. त्यासाठी संध्याकाळी थोडा वेळ खिडक्या उघडून, थोडी उष्णता देऊन ओलसर हवा बाहेर काढतात. येथे चार पैसे वाचवायला जाणारा सगळा माल गमावतो.

आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंना हा विषय दूरचा वाटेल. तळेगावच्या गुलाबांच्या हरितगृहांत तर प्रश्न ऊब देण्याचा नसून उन्हाळ्यात गारवा राखण्याचा आहे. परंतु ईदचा माल करणारे शिंपी, शेवयांचे कारखानदार, बेकरीवाले यांचीही तारीख ठरलेली असते. चाँदरात उलटल्यावर तो माल कोण घेणार? म्हणून बचतीचा विचार करताना आधी तारीख पाहावी, मग गळती शोधावी आणि शेवटी आच कमी करावी. उघड्या दारातून जाणारी उष्णता हा इसराफच आहे, आणि इसराफ दीनने मना केला आहे. भट्टी पेटवण्यापूर्वी कागदावर एवढा हिशेब मांडावा, एवढेच आमचे सांगणे.