सरासरीच्या आत डोकावताना

सकाळी ९. लॅब उघडून सगळ्या मशीनवर ऑक्टेव्ह सुरू होतंय ना, ते बघते. आज सिव्हिलची बॅच. काँक्रीट क्यूबचे आकडे मुलांनी स्वतः टेस्टिंग करून आणलेत.

९.३०. 'विच सम' टाइप केलं की कळतं, हे बिल्ट-इन आहे, सी प्लस प्लसमध्ये लिहून कंपाइल केलेलं. 'विच मीन' म्हटलं की मात्र डॉट-एम फाइलचा पत्ता मिळतो. ती उघडायला लावतेच. सरासरी काढणारं फंक्शन ऑक्टेव्हच्याच भाषेत कुणीतरी लिहिलंय हे पाहिलं, की स्वतःचं लिहायची भीड चेपते.

१०.१५. आकडे २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९. वहीत प्रमाण विचलन २, 'एसटीडी'चं उत्तर २.१३८१.

"मॅडम, मशीन चुकतंय."

"नाही गं. तू आठाने भागलंस, ते साताने भागतंय."

दुसरं आर्ग्युमेंट १ दिलं, २ आलं. तयार फंक्शनमध्ये कुणाचा तरी निर्णय असतो. हेल्प वाचल्याशिवाय त्याचं उत्तर जर्नलमध्ये उतरवू नये, हा माझा आग्रह आहे.

११. आता खरं काम. आयएस ४५६ प्रमाणे तीन क्यूबची सरासरी हा नमुन्याचा निकाल. पण एखादा क्यूब सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त लांब गेला, तर निकाल बाद. ही अट ऑक्टेव्हला कुठून ठाऊक असणार? ती आपण लिहायची. फंक्शनचं नाव 'क्यूबनिकाल', फाइलचंही तेच. आत 'मीन', 'एबीएस', 'एनी' ही तयार मंडळी कामाला.

१५० मिमीचा क्यूब, म्हणजे क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिमी. लोड ५४०, ५९०, ७२० किलोन्यूटन. ताकद २४, २६.२२, ३२ न्यूटन प्रति चौरस मिमी. सरासरी २७.४१. तिसरा क्यूब १६.७६ टक्के वर. बाद!

"पण मॅडम, सरासरी हव्या त्या पंचवीसच्या वर आहे की!"

असेना. एकाच क्यूबने वर ओढलेल्या सरासरीवर स्लॅब सोपवायचा नाही.

१२.१५. एकाने व्हेरिएबललाच 'सम' नाव दिलं, मग बेरीज होईना. 'क्लिअर सम', सुटला.

२. जर्नल तपासणी.

३.३०. थोडा इतिहास, ऑक्टेव्हची भाषा ज्याच्याशी जुळते त्या मॅटलॅबचा. क्लीव्ह मोलरने १९७०च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पहिल्या मॅटलॅबमध्ये नवं फंक्शन घालायचं, तर मूळ फोरट्रान कोडलाच हात घालावा लागे. मुलं सकाळच्या फाइलकडे जरा आदराने बघतात.

४. "मॅडम, दोनच क्यूब दिले तरी हे निकाल देतंय." बरोबर पकडलंस. फंक्शनच्या सुरुवातीलाच 'न्यूमेल'ने मोजणी घातली. तीन नसतील तर एरर. परत चालवलं, या वेळी अडलं.