हिसका इंजिनाचा की चाकांचा?

ॲक्सिलरेटर दाबला की गाडी हिसके देते, म्हणून लोक आधी स्पार्क प्लग बदलतात. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत मात्र खिशात हात घालण्यापूर्वी एखादं कोरडं, डांबरी आवार गाठावं. (मातीवर नको, तिथे चाकं घसरतात आणि दोष लपतो.) स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी अगदी हळू गोल फिरवा. ती वळणातच अडखळत असेल, तर इंजिनावर संशय नको.

वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. बऱ्याच गाड्यांत हा फरक मधला क्लच घसरून सामावून घेतो. तो अडकला की ताण साठतो आणि टायर रस्त्यावर खरडून मोकळा होतो. एकच नवा टायर टाकला तरी क्लचला सरळ रस्त्यावरही उसंत नाही, कारण घेर मोठा म्हणून त्याचे फेरे कमी. सुबारू कंपनी चारही टायरांच्या घेरात पाव इंचाहून, म्हणजे सुमारे 6 मिलिमीटरहून, जास्त फरक चालवून घेत नाही. दुकानदार 'एकच बदला, चालतंय' म्हणेल, ऐकू नका.

जुन्या ऑटोमॅटिक सुबारूंत झकास सोय होती. बॉनेटखालच्या 'एफडब्ल्यूडी' खोबणीत फ्यूज खोचला की मागच्या चाकांची ताकद बंद. तरीही गाडी अडखळली, तर क्लच चालवणारा सोलेनॉइड किंवा क्लचच बिघडलेला.

सरळ चढावर जोर देताना हिसके बसतात आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो? मग मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरात इंधन नीट पेटत नाही. स्कॅनरवरच्या कोडवरून तो सिलिंडर कळतो. त्याची इग्निशन कॉइल शेजारच्यावर बसवा. कोडही तिच्यामागे गेला, तर गुन्हेगार तीच.