एक फटका आणि खेळ खल्लास?

चार फ्रेंड्स, मूठभर फासे आणि दहा मिनिटांत समजणारे नियम. टेबलटॉप रोल-प्लेइंग गेमची संध्याकाळ रंगणार की फसणार, हे एका साध्या हिशेबावर ठरतं. पेन्सिल काढा, सीए व्हायची गरज नाही!

शनिवारची संध्याकाळ. आठवडाभर टार्गेट्सनी पिडलेले चार जण कसेबसे एका फ्लॅटवर जमलेत. गेम सुरू होतो आणि पंधराव्याच मिनिटाला भुयारात एकाचं कॅरॅक्टर मरतं. आता त्या बिचाऱ्याने उरलेले तीन तास काय करायचं? वेफर्स खायचे आणि मोबाइल चाळायचा! याच्या उलटही होतं. दीड तास मारामारी चालू आहे, मरत कुणीच नाही आणि जो तो जांभया देतोय. दोन्ही वेळा आपण नशिबाला शिव्या घालतो. खरा घोळ असतो तो कॅरॅक्टरचे गुण आणि लागणारा डॅमेज यांच्या तोलात.

जाड पुस्तकांना बाय-बाय

या खेळाचा मूळ पुरुष म्हणजे 1974 मध्ये अमेरिकेत आलेला गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. त्यात आधी वीस बाजूंचा फासा टाकून वार लागला का ते बघायचं आणि लागला तर डॅमेजचा वेगळा फासा टाकायचा. गेम भन्नाट, पण नियमांची पुस्तकं जाडजूड. नऊ ते सात ऑफिस करणाऱ्याने ती वाचायची कधी?

यावर ब्रिटिश डिझायनर ख्रिस मॅकडॉवल यांनी 'इंटू द ऑड'मध्ये सरळ कात्री चालवली. गुण फक्त तीन : ताकद, चपळाई आणि मनोबल. प्रत्येकासाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे, म्हणजे सरासरी साडेदहा. 'वार लागला का' हा प्रश्नच काढून टाकला. वार लागतोच! थेट डॅमेजचा फासा टाका. याच पठडीतला योखाई गाल यांचा 'केर्न' 2020 मध्ये आला. त्याचे नियम फुकट मिळतात, त्यामुळे नवशिक्यांसाठी तो बेस्ट.

एचपी म्हणजे रक्त नव्हे, बॉस!

'केर्न'मध्ये एचपी म्हणजे वार चुकवण्याची, निभावून नेण्याची ऐपत. सुरुवातीला ती एका फाशाने ठरते, म्हणजे 1 ते 6. डॅमेज आधी एचपीतून जातो. थोडी उसंत आणि घोटभर पाणी मिळालं की एचपी पुन्हा फुल्ल. पण एचपी संपून उरलेला डॅमेज थेट ताकदीवर येतो. मग वीस बाजूंचा फासा टाकायचा. उरलेल्या ताकदीइतका किंवा त्याहून कमी आकडा आला तर वाचलात, नाहीतर आडवे. तासाभरात मदत मिळाली नाही तर कॅरॅक्टर मेलंच. आणि गेलेली ताकद घोटभर पाण्याने परत येत नाही, त्यासाठी आठवडाभराची विश्रांती आणि उपचार लागतात.

आता खरी गंमत. समजा, किसनची ताकद 10 आणि एचपी 3. समोरच्याचं हत्यार सहा बाजूंच्या फाशाचं. 4, 5 किंवा 6 पडलं तरच ताकदीला धक्का. मग ताकद उरते 9, 8 किंवा 7, आणि आडवं होण्याची शक्यता अनुक्रमे 55, 60 आणि 65 टक्के. सगळं मिळून पहिल्याच फटक्यात आडवं होण्याची शक्यता 30 टक्के.

हत्यार आठ बाजूंच्या फाशाचं असेल तर हाच आकडा जवळपास 41 टक्के होतो. दहा बाजूंचं असेल तर 49! म्हणजे जवळजवळ छापा-काटा.

किसनला वाचवायचं कसं? ताकद 10 वरून 16 केली, तर 30 चे 15 टक्के होतात. एक पॉइंटचं चिलखत दिलं, तर 19 टक्के. आणि एचपी 3 वरून 6 केला तर? शून्य! सहाचा फासा पहिल्या फटक्यात त्याच्या ताकदीपर्यंत पोहोचूच शकत नाही. थोडक्यात काय, तर पहिल्या फटक्यापुरते एचपीचे तीन पॉइंट ताकदीच्या सहा पॉइंट्सना भारी पडतात. घरचे नियम बनवताना 'चल, दोन एचपी वाढवून घे' असं म्हणण्याआधी दहादा विचार करा.

सगळ्यांनीच पैलवान व्हायचं का?

डॅमेज ताकदीवरच येत असेल तर बाकीचे दोन गुण शोभेचे ठरतील, ही शंका रास्त आहे. म्हणूनच लढाईत पहिला हात कुणाचा हे चपळाईवर ठरतं आणि पळ काढतानाही तीच कामाला येते. संकटात मंत्र वापरायचा तर मनोबल हवं. शिवाय काही राक्षस थेट याच गुणांवर घाव घालतात. चपळाई शून्य झाली की कॅरॅक्टर जागीच लुळं पडतं, मनोबल शून्य झालं की भ्रमिष्ट होतं.

आणि फासेच फुटके पडले तर? 'इंटू द ऑड'चा उपाय झकास आहे. तुमचा सर्वांत मोठा गुण आणि एचपी यांवरून सुरुवातीचं सामान ठरतं. आकडे जितके कमी, तितकं सामान भारी. 'केर्न' दुसरी गोष्ट करतो : कुठल्याही दोन गुणांची अदलाबदल करू देतो. पण सामानाच्या दहा जागा गच्च भरल्या की एचपी थेट शून्य! हावरटपणाची शिक्षा जागच्या जागी.

गेम मास्टरसाठी चार टिप्स

• चार राक्षस एकावर तुटून पडले तर डॅमेजची बेरीज करू नका. 'केर्न'प्रमाणे सगळे फासे टाका, सर्वांत मोठा तेवढाच धरा. सहाच्या दोन फाशांची बेरीज सरासरी 7 येते, मोठा फासा धरला तर साडेचारच्या आत.

• आडोशाच्या मागून किंवा अडचणीत वार होत असेल तर चार बाजूंचा फासा, शत्रू बेसावध सापडला तर बारा बाजूंचा. नवा नियम न आणता हुशारीला बक्षीस मिळतं.

• चिलखत 3 च्या पुढे जाऊ देऊ नका. सहाच्या फाशातून तीन गेले की निम्मे वार फुकट जातात.

• धोका आधी दाखवा. दारात पडलेली हाडं, भिंतीवरचे ओरखडे, काहीही. पहिल्या फटक्यात 49 टक्के धोका असेल, तर 'मी आत जात नाही' म्हणायची संधी प्लेयरला मिळायलाच हवी.

कारण हलक्याफुलक्या नियमांच्या गेममध्ये मरण स्वस्त असतं आणि ते तसंच असावं. नवं कॅरॅक्टर पाच मिनिटांत तयार होतं, कथेच्या पुढच्या वळणावर त्याला आत घ्या. मरण आलं तरी कुणाची तक्रार नसते. फक्त ते आपल्याच निर्णयामुळे आलं, हे टेबलावरच्या प्रत्येकाला पटलं पाहिजे. मग पुढच्या शनिवारीही सगळे वेळेवर हजर!