मधला माणूस : नामको कंपनीची गोष्ट

मंडळी, नव्वदच्या दशकात ज्यांचं बालपण कल्याण-डोंबिवलीत गेलं, त्यांना 'मुस्तफा' म्हटलं की लगेच कळतं. खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स', 1993 सालचा, जपानच्या कॅपकॉमचा. नाणं टाकणाऱ्या पोरांना कॅपकॉमशी काही देणंघेणं नव्हतं. बनवणारा आणि खेळणारा यांच्यामध्ये वितरक उभा असतो. त्याच्याबद्दल आज आपण बोलू.

उदाहरण नामकोचं. 1955 साली मासाया नाकामुरा यांनी ही कंपनी काढली. सुरुवातीला मालमत्ता काय, तर योकोहामातल्या एका डिपार्टमेंट स्टोअरच्या गच्चीवर ठेवलेले दोन यांत्रिक घोडे. जत्रेतला पाळणेवाला म्हणा ना! 1974 मध्ये अमेरिकेच्या अटारीची जपानमधली शाखा तोट्यात होती, ती नाकामुरांनी विकत घेतली. सेगाने 50 हजार डॉलर देऊ केले होते, यांनी 5 लाखांच्या आसपास मोजले असं सांगतात. त्याबरोबर अटारीचे खेळ जपानात वितरित करण्याचे हक्क आले.

आणि मग 1976 चा 'ब्रेकआउट'. मागणी प्रचंड, पण अटारीकडून यंत्रं येत थोडीच. तोवर बाजारात नकली यंत्रं भरली. शेवटी नाकामुरांनी स्वतःच यंत्रं बनवायला घेतली, आणि अटारीशी वाद झाला. आम्ही तत्त्वज्ञानवाले इथे अडतो. हक्क वितरणाचा, उत्पादनाचा नव्हे; मग नकलाकारात आणि यांच्यात फरक काय? कांटला विचाराल तर तो म्हणेल, समोरच्याने माल कमी पाठवला म्हणून आपला शब्द सुटत नाही. आम्हालाही तसंच वाटतं. नाकामुरांची अडचण खरी होती, पण ती परवानगी नव्हती. आपल्याकडच्या पार्लरवाल्याने तर कुणाला शब्दच दिलेला नसायचा. त्याचा प्रश्न वेगळा आहे, त्यात आज शिरत नाही.

या अनुभवानंतर नामको स्वतःचे खेळ बनवू लागली. 1978 चा 'जी बी', 1979 चा 'गॅलॅक्सियन', आणि 1980 मध्ये तोरु इवातानी यांचा 'पॅक-मॅन'. अमेरिकेतलं वितरण मिडवेकडे गेलं. म्हणजे बघा, नाकामुरा आता अटारीच्या खुर्चीत, आणि मिडवे त्यांच्या! त्यातच एमआयटी सोडलेल्या पोरांच्या एका छोट्या कंपनीने पॅक-मॅनमध्ये फेरफार करून नवा खेळ केला आणि तो मिडवेला विकला. 1982 चा 'मिस पॅक-मॅन' तो हाच.