बटण बारावर, शंभर वॉट खलास

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत मिरवणुकीच्या साऊंड सिस्टीमला ‘डॉल्बी’ म्हणतात. ज्या रे डॉल्बींचं हे नाव, त्यांनी १९६५ मध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करायला! असो. आपण अर्ध्या शिवाजी पुतळ्याजवळच्या एखाद्या दहा बाय बाराच्या खोलीतला ॲम्प्लिफायर घेऊ.

आवाजाचं बटण निम्मं फिरवलं की निम्मी ताकद, असं आपण धरून चालतो. साफ चूक. बटण ताकद देत नाही, आत येणारा सिग्नल अडवतं; उसाच्या पाटाला लावलेल्या फळीसारखं. शेतात किती पाणी जाणार, ते मागून किती येतंय त्यावर.

समजा, १०० वॉटचा ॲम्प्लिफायर ०.२ व्होल्टवर पूर्ण ताकद देतो. सीडी प्लेअर देतो २ व्होल्टपर्यंत, म्हणजे दहापट. बटण मध्यावर, घड्याळातल्या बारावर, असताना बहुतेकदा सिग्नलचा जेमतेम दहावा हिस्सा पुढे सोडतं. म्हणजे गाणं टिपेला पोचलं की तिथंच शंभर वॉट खलास! त्यापुढं फिरवाल तितके सिग्नलच्या लाटांचे माथे छाटले जातात, आणि पहिला जळतो तो स्पीकरमधला ट्विटर. आता मोबाईल लावा, त्याचा आवाज ०.१ व्होल्टवर ठेवा. बटण पार शेवटाला, तरी २५ वॉटच. व्होल्ट निम्मे, ताकद चतकोर.

तबकडीवरच्या सुईचा तर पत्ताच लागत नाही: सुमारे ०.००५ व्होल्ट. सीडीच्या सिग्नलचा चारशेवा भाग, ताकदीच्या हिशेबात एक लाख साठ हजारावा. म्हणून तिला मागं ‘फोनो’चं वेगळं भोक असतं. तिथं सीडी खुपसू नका.

फुटबॉलमध्ये खंडोबा तालीम भारी की शिवाजी तरुण मंडळ, हा पेठेतला वाद संपत नाही. ५० वॉट की १०० वॉट, हाही तसाच. फरक फक्त ३ डेसिबलचा. आवाज दुप्पट वाटायला ताकद दहापट लागते. ऐकू येणाऱ्या सर्वांत बारीक आवाजापासून कान दुखवणाऱ्या १२० डेसिबलपर्यंतचं अंतर ताकदीत एक लाख कोटी पटींचं!

निवासी भागात रात्री १० नंतरची मर्यादा ४५ डेसिबल. एका वॉटला मीटरभर अंतरावर ८८ डेसिबल देणारा स्पीकर तिथं एका वॉटच्या वीसहजाराव्या भागातच पोचतो. तेव्हा सीडीची वायर काढून मोबाईलची लावताना, किंवा उलट, आधी बटण शून्यावर आणा.