जिंकलेला डाव हातातून जातो तेव्हा

यावल-भुसावळ एस्टीत उभं राहून, कानात इअरफोन घालून ऐकणाऱ्यांना स्पेशल नमस्कार. आजचा विषय एडीएचडी आणि बुद्धिबळ.

आधी माझीच फजिती सांगतो. जळगावला स्पर्धा होती. माझ्याकडे एक हत्ती जास्त, समोरचा पोरगा डोकं धरून बसलेला. आणि माझं डोकं कुठे? परतीची गाडी मिळेल का, यात. हात आपोआप पुढे गेला, वजीर ठेवला, त्याच्या घोड्याने तो उचलला. त्या घोड्याकडे मी दहा मिनिटांपूर्वीच नीट बघितलं होतं हो! त्या सेकंदाला तो डोक्यात नव्हता, एवढंच.

घरी आलो तर नेहमीचं वाक्य: "लक्ष देत जा ना रे."

आता गंमत बघा. एडीएचडी म्हणजे लक्षच नसणं, असं नाही. लक्ष असतं, त्याचं स्टिअरिंग ढिलं असतं. अवघड हल्ला चालू असेल तर आपण तासभर हलत नाही, चहा गार होतो. पण "जिंकलो आता" असं वाटलं की मेंदूचा इंटरेस्ट संपतो, आणि तो आपल्या आधीच खुर्चीवरून उठतो. माझे बहुतेक ब्लंडर तिथलेच आहेत, सोप्या पोझिशनमधले.

एडीएचडी नसलेल्यांचंही होतं बरं का. 2024 ची वर्ल्ड चॅम्पियनशिप, सिंगापूर, शेवटचा 14 वा डाव. बरोबरीकडे चाललेली पोझिशन. 55 व्या चालीला डिंग लिरेनने हत्ती एफ-2 वर आणला. गुकेशने हत्ती मारामारी केली, मग उंटांची, आणि उरलेला प्याद्यांचा डाव सरळ जिंकला. वर्ल्ड चॅम्पियनचं असं होतं, तर आपलं काय!

फरक इतकाच की आपलं वरचेवर होतं. आणि "लक्ष दे" हा उपाय बिनकामाचा, कारण जे कमी आहे तेच तो मागतो. म्हणून ब्रेक डोक्याबाहेर लावायचा. हातात.

जुने कोच सांगायचे, चाल आधी कागदावर लिही, मग पटाकडे पुन्हा बघ, मग खेळ. मस्त आयडिया होती, पण आता फिडेच्या नियमात बसत नाही. आधी खेळायचं, मग लिहायचं. मी काय करतो, समोरच्याची चाल लगेच लिहितो. ते नियमात बसतं. आणि ज्या हाताने खेळतो त्याच हातात पेन धरून ठेवतो. पेन हातात आहे तोवर मोहऱ्याला हात नाही. पेन खाली ठेवण्याआधी एकच प्रश्न: मी ही चाल केली तर तो काय मारेल? शह, मार, धमकी असे तीन प्रश्न पुस्तकात असतात, पण चौथ्या फेरीला मला तीन आठवत नाहीत. एक आठवतो.

एकदिवसीय स्पर्धा बहुतेक रॅपिड असतात. तिथे चाली लिहायची सक्ती नसते, म्हणजे फुकटात मिळालेला ब्रेक गेला. लिहायला मनाई पण नसते, सो वेळ असेल तोवर लिहा.

मोबाईलवर एक-एक मिनिटाचे डाव खेळून आपण हाताला उलटी सवय लावतो. प्री-मूव्ह बंद करा. चाल कन्फर्म करायचं सेटिंग लिचेसवर पण आहे आणि चेस डॉट कॉमवर पण. दोन दिवस चिडचिड होईल.

"गोळीने गेम सुधारतो का?" असं विचारणाऱ्यांसाठी: 2017 मध्ये जर्मनीतला एक अभ्यास आला होता. मिथाइलफेनिडेट घेतलेले खेळाडू प्रत्येक चालीला जास्त विचार करत होते, आणि त्यामुळे वेळ संपून जास्त डाव हरत होते! तो अभ्यास एडीएचडीच्या उपचाराचा नव्हता, सो त्यावरून स्वतःची गोळी सुरू किंवा बंद करू नका, ते डॉक्टरांचं काम. आणि हे औषध वाडाच्या यादीत स्पर्धेदरम्यान बंदी असलेलं आहे. फिडे तीच यादी मानते. मोठ्या स्पर्धेला जाणार असाल तर उपचारासाठीची सूट आधीच, कागदपत्रांसह मागावी लागते.

मी परत जळगावला जातोय. या वेळी परतीच्या गाडीची वेळ चिठ्ठीवर लिहून खिशात टाकलीय.