मिथेन, पॅलेडियम आणि खालचा ऑक्साइड

मिथेन कमी तापमानात जाळायचा तर पॅलेडियमच हवं, यावर आता कुणाचं दुमत नाही. कार्बन-हायड्रोजनचा तो चिवट बंध फोडायला दुसरा धातू इतका कामाचा नाही. भांडण आहे ते पॅलेडियम ज्यावर बसवतात त्या ऑक्साइडचं. आधार म्हणजे धातू पसरायला जागा, पृष्ठफळ भरपूर असलं की झालं, असं मानणारा पंथ आमच्या क्षेत्रात पहिल्यापासून आहे. त्याच्याशी माझं कधी जमलं नाही. ज्वलनात आधार स्वतः अभिक्रियेत उतरतो, हे मी आयुष्यभर सांगत आलो आणि आजही तेच सांगणार आहे.

जुना इतिहास थोडक्यात आटोपतो. तापलेली प्लॅटिनमची तार ज्योतीवाचून वायू जाळते, हे डेव्हीने १८१७ मध्ये दाखवलं. पुढे आधार म्हणून गॅमा ॲल्युमिनाचं राज्य आलं. तो स्वस्त, शिवाय ग्रॅमला दोनशे चौरस मीटरच्या घरात पृष्ठफळ. हजार अंशांपलीकडे त्याचं अल्फा रूप होतं आणि पृष्ठफळ कोसळतं, म्हणून त्यात लँथॅनम किंवा बेरियम घालायचं. यावर निबंधांचा ढीग आहे. त्यात रमण्यासारखं फारसं नाही.

रमावं ते १९९२ पाशी. फॅराउटो आणि सहकाऱ्यांनी ॲल्युमिनावरचं पॅलेडियम ऑक्साइड हवेत तापवलं. ८०० अंशांच्या आसपास त्याने ऑक्सिजन सोडला आणि धातू उरला. थंड करताना मात्र त्याच तापमानाला ऑक्साइड परत जमेना. त्यासाठी ६५० च्या आसपास उतरावं लागलं. मधल्या पट्ट्यात उरतो तो धातू, आणि मिथेनसमोर तो ऑक्साइडपेक्षा मंद. म्हणजे उत्प्रेरक जरा निवला की ज्वलन ढेपाळणार. पुढे त्यांनी आधार बदलून पाहिले, तेव्हा सेरियावर, म्हणजे सेरियमच्या ऑक्साइडवर, पॅलेडियम ऑक्साइड बऱ्याच वरच्या तापमानाला परत जमला. धातू तोच, हवा तीच, फक्त खालचा ऑक्साइड वेगळा. पृष्ठफळवाल्यांनी याचं उत्तर मला अजून दिलेलं नाही.

दुसरा पुरावा पाण्याचा. रिबेरो, चाऊ आणि डल्ला बेट्टा यांनी १९९४ मध्ये मोजलं, की ज्वलनाचा वेग मिथेनच्या प्रमाणात वाढतो आणि वाफेच्या व्यस्त प्रमाणात घटतो. मिथेन जळताना पाणी होतंच, म्हणजे अभिक्रिया स्वतःच स्वतःला रोखते. बरीच वर्षं दोष पॅलेडियम हायड्रॉक्साइडवर टाकला गेला. येल विद्यापीठात लिसा फेफर्ले यांच्या गटाने वेगळं दाखवलं: हायड्रॉक्सिल गट आधारावर साचतात आणि तिथून पॅलेडियमकडे येणारा ऑक्सिजन अडतो. ज्या आधारात ऑक्सिजन सहज हलतो, तिथे हा त्रास कमी. माझा सेरिया आणि झिर्कोनियाकडचा ओढा याच कारणाने आहे.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. एस. हेगडे आणि के. सी. पाटील यांनी तर धातू आणि आधार ही सीमाच पुसली. पॅलेडियमचे आयन त्यांनी सेरियाच्या स्फटिकजाळीतच बसवले. धातूचा वेगळा कण नाही, म्हणून कण एकत्र येऊन मोठे होण्याची भीती कमी, आणि जाळीतला ऑक्सिजन थेट कामाला येतो. हे उत्प्रेरक बनवायची पाटील यांची रीतही द्रावण पेटवण्याचीच: नायट्रेट आणि इंधन एकत्र तापवलं की क्षणात पेट घेतं आणि बारीक ऑक्साइड हाती येतं. या कामाची आपल्याकडे जेवढी चर्चा व्हायला हवी होती, तेवढी झाली नाही. २०१२ मध्ये कार्गनेल्लो आणि सहकाऱ्यांनी पॅलेडियमच्या कणाभोवती सेरियाचं कवच चढवून ४०० अंशांखाली पूर्ण ज्वलन दाखवलं, तेव्हा सगळ्यांच्या भुवया उंचावल्या. त्या वाटेवर बंगळुरूचे पाय आधी उमटले होते.

पॅलेडियमला विष ठरणाऱ्या गंधकाच्या बाबतीत मात्र ॲल्युमिनाला त्याचं श्रेय देतो. तो गंधक स्वतःवर सल्फेट म्हणून घेतो आणि पॅलेडियम जरा जास्त तग धरतं. सिलिका तसं करत नाही, तिथे विषबाधा लवकर होते. पण ती उतरतेही लवकर. निवड उत्प्रेरक कुठल्या गाडीच्या धुरात चालणार यावर ठरते.

आणि तोच धूर आज प्रयोगशाळेत नसतो. मुंबई-पुण्याच्या सीएनजी रिक्षांच्या धुरात वाफ भरपूर, शिवाय गळती कळावी म्हणून गॅसला वास देणाऱ्या मरकॅप्टनचा गंधक. आमच्या वेळी नमुना ओल्या वायूत दिवसेंदिवस तापवत ठेवायचा आणि मग बोलायचं, अशी शिस्त होती. आता कोरड्या वायूत काही तासांची चाचणी, एक देखणा आलेख, की निबंध तयार. २०१८ मध्ये पेट्रोव्ह आणि सहकाऱ्यांनी झिओलाइटमधली आम्लस्थानं कमी करून पॅलेडियम वाफेतही टिकवलं, ते त्यांनी वाफेची परीक्षा टाळली नाही म्हणून. परीक्षणाला माझ्याकडे कोरड्या वायूतला निबंध आला, तर मी पहिल्याच ओळीत दहा टक्के वाफेतले आकडे मागतो, आणि ते येईपर्यंत पुढचं पान उलटत नाही.